काकूची शेवटची कालवड

वासराचा कान मुठीत धरला की आमच्या काकूला त्याच्या पोटातलं सगळं कळतं. कान कोमट लागला तर ती काहीच बोलत नाही, पुढच्या वासराकडे जाते. गार लागला तर म्हणते, "ह्याला आज हगवण लागणार," आणि दिवस मावळायच्या आत लागते. डॉक्टर येऊन थर्मामीटर लावतात आणि तेच सांगतात, पण त्याआधी तीनदा "आता बघा" म्हणतात. प्रत्येक "आता बघा"नंतर एवढे थांबतात, की वासराने तेवढ्यात बरं तरी व्हावं नाहीतर मरून तरी जावं.

काकू म्हणजे माझ्या बाबांची मोठी वहिनी. त्यांच्या आणि आमच्या अंगणांमध्ये एक भिंत आहे, तीही माझ्या खांद्याएवढी. त्यामुळे तिकडे कोण कुणाला काय म्हणालं हे इकडे फुकटात ऐकू येतं. तिकडे गाई अकरा आणि माणसं तीन. काका गाईंशी पूर्ण वाक्यात बोलतो. "काय गं, आज पाय का आपटतेस? माशा चावतात का माझ्या बाईला?" माणसांशी मात्र अर्ध्यात. "ते जरा." "बघू की." "आलोच." काकूने विचारावं, "अहो, जेवायला बसताय ना?" तर काका म्हणणार, "हं, ते." एवढ्या शब्दांवर त्यांचा संसार एकतीस वर्षं चाललाय. सगळी कसर त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, भरून काढतो. दादाचं वाक्य "प्रॅक्टिकली"शिवाय सुरूच होत नाही. प्रॅक्टिकली आज मंगळवार आहे. प्रॅक्टिकली भाजीत मीठ नाहीये.

गाई काकाच्या, दूध दादाचं आणि वासरं काकूची, अशी तिथे वाटणी होती. कुणी ठरवून केली नव्हती, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. वासरांची खोली गोठ्याला लागून. फळ्या ठोकून केलेले आठ कप्पे, खाली चुना, चुन्यावर कोरडा पेंढा. भिंतीवर आठ खिळे, आठ खिळ्यांना आठ बादल्या उपड्या टांगलेल्या, आणि प्रत्येक बादलीच्या कडीला वेगळ्या रंगाची दोरी. लाल दोरीच्या बादलीतलं दूध निळ्या दोरीच्या वासराला गेलं तर काकू आठवडाभर बोलायची नाही. दाराशी औषधी पाण्याचं घमेलं, त्यात पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही. एकदा दादाचा मित्र तसाच बूट घालून आत घुसला. काकू म्हणाली, "या या. आता ह्यांना हगवण लागली की निस्तरायला पण तुम्हीच या. पत्ता देऊन जा." तो बिचारा खरंच पत्ता सांगायला लागला.

हे काम मऊ मनाचं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ते लांबून बघितलेलं असतं. वासरू जन्मलं की पहिल्या तासात त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे, आणि त्याच दिवशी ते आईपासून तोडायचं, कारण आईचं दूध विकायचं असतं. गाय मग दोन-तीन दिवस हंबरत राहते. माझ्या आईने एकदा भिंतीवरून विचारलं होतं, "जाऊबाई, तुम्हाला हे ऐकवतं कसं हो?"

"ऐकवत नाही," काकू म्हणाली. "पण कान काढून कुठे ठेवू? खिळे सगळे बादल्यांनी भरलेत."

गोऱ्हे दहाव्या दिवशी व्यापाऱ्याच्या टेम्पोतून जायचे. नर वासरू दूध देणार नाही, मग दूध पिणार कुणाच्या जिवावर, हा साधा हिशेब. त्यात काकूचा एकच हट्ट असायचा. जाणाऱ्याचं पोट भरलेलं हवं. व्यापारी येऊन म्हणायचा, "अहाहा वहिनी, काय चकाकतंय जनावर! तुमच्या हातचं म्हणजे बघायलाच नको." काकू म्हणायची, "बघायला नको तर उचला लवकर." टेम्पो वळला की ती कप्पा धुवायला घ्यायची. पाण्याचा आवाज भरपूर व्हायचा.

मग तो हिवाळा आला.

चार कप्प्यांत चार वासरं होती, चारही पाड्या, म्हणजे माद्या. पहिलीचा कान गार लागला तेव्हा काकूने नेहमीसारखं सांगून टाकलं. पण ह्या वेळची हगवण वेगळी होती, पांढरी, पाण्यासारखी. काकू दर तीन तासांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायची, पोटाला पोती बांधायची, पेंढा बदलायची. डॉक्टरांची इंजेक्शनं झाली, "आता बघा" झालं. नऊ दिवसांत चारही गेल्या. नवव्या दिवशी सकाळी चौथीला बाहेर काढताना काकूच दारात बसली ती उठेना. अंगात ताप, ओठ सुकलेले. दादाने तिला गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं, तिथे सलाईन लावलं.

ती परत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. हाताला कापूस चिकटवलेला, पाय फरफटत, आणि घरात न शिरता ती थेट वासरांच्या खोलीकडे गेली. मी भिंतीवर कोपरं टेकून उभी होते. काका दारातच होता, बाह्या वर केलेल्या, कोपरापर्यंत ओला. पहिल्या कप्प्यात एक ओली पाडी उभं राहायची खटपट करत होती. बांड्या गाईला झालेली.

"कधी?" काकूने विचारलं.

"दुपारी."

"चीक?"

"दिला की."

"गाईची जार पडली सगळी?"

"पुरली."

काकू पेंढ्यात बसली आणि तिने पाडीचा कान धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग ती हसली. नऊ दिवसांनी हसली म्हणून मी आईला सांगायला आत पळाले.

ह्या पाडीचं नाव मास्तरीण पडलं. खोलीत कोणीही आलं की ती मान वर करून अशी बघायची, जणू गृहपाठ का नाही केला. दादा म्हणायचा, "प्रॅक्टिकली मला तिच्यासमोर शर्ट खोचावासा वाटतो." आठ कप्प्यांच्या खोलीत ती एकटी, आणि काकूचे आजवरचे सगळे कष्ट त्या एकटीच्या वाट्याला. काकू तिला ब्रशने घासायची, तिचे खूर कापायची, दूध हाताच्या कोपराला लावून बघितल्याशिवाय तिच्यापुढे ठेवायची नाही.

ती दीड-दोन महिन्यांची असताना दादाने चहाच्या वेळी विषय काढला. आम्ही पण होतो तिथे. "प्रॅक्टिकली बघ, आई. वासरं सांभाळायला दूध जातं, तुझे हात जातात, आणि एका साथीत चार मरतात. त्यापेक्षा सगळीच दहाव्या दिवशी देऊन टाकू आणि गाभण कालवडी बाहेरून आणू. ती खोली मोकळी झाली की तिथे दूध थंड करायची टाकी बसेल."

"आणि मी कुठे बसू? टाकीवर?"

"तू आराम कर ना."

आराम हा शब्द काकूला कुणी शिवी दिल्यासारखा लागला. तिने बशी खाली ठेवली. "हे बघ. ही कालवड माझ्या हातची आहे. दोन वर्षांची व्हायच्या आत ती गाभण राहिली, तर खोली माझी, परत टाकीचं नाव काढायचं नाही. नाही राहिली तर तुझी टाकी आण, मी एक शब्द बोलणार नाही."

"बघ हां. नंतर रडायचं नाही."

"रडतंय कोण! माझी एक तरी कालवड रिकामी राहिलीय का आजपर्यंत? विचार तुझ्या बापाला."

बाप म्हणाला, "ते जरा," आणि अर्धा चहा तसाच ठेवून गोठ्यात गेला. आम्ही सगळे हसलो. काका तसाच आहे, आम्हाला त्यात काय नवीन.

मास्तरीण वाढली, आणि काय वाढली! वर्षाची झाली तेव्हा दीड वर्षाची दिसायची. मान जाड, खांदे रुंद, आवाजही घोगरा. बाकीच्या गाई माजावर आल्या की ही त्यांच्यावर बैलासारखी चढायची. काकूला त्याचंही कौतुक. "बघ कशी दांडगी आहे, हिला काही कमी पडलेलं नाही." कालवड तेराव्या-चौदाव्या महिन्यात माजावर येते, मग रेतन करायला डॉक्टरांना बोलवायचं असतं. चौदावा गेला. पंधरावा गेला. काकूने मोड आलेलं धान्य चारलं, क्षारांची पूड चारली. रोज सकाळी तिच्या मागे जाऊन उभी राहायची, शेपूट उचलून बघायची, काही चिकट स्राव दिसतो का. दादा ओरडायचा, "आई, ती तुझ्याकडे बघते, तू तिच्याकडे बघतेस. दोघींपैकी कुणीतरी शाळा सोडा!"

"येईल," काकू म्हणायची. "उशिरा येतात काही. मी पण उशिराच शहाणी झाले."

विसाव्या महिन्यात तिचं हसणं कमी झालं. त्या महिन्यात तिने स्वतःच डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टर आले. खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, साबणाचं पाणी घेतलं आणि मास्तरणीच्या मागच्या बाजूने हात आत घातला. ती हलली नाही. वळून त्यांच्याकडे बघत राहिली, गृहपाठ तपासणाऱ्यासारखी. मी आणि दादा दाराशी होतो, काका गाईपलीकडे वेसण धरून. डॉक्टर चाचपत राहिले. मग हात बाहेर काढला, पिशवीतून एक काचेची नळी घेतली आणि योनीच्या मार्गात सरकवून बघितली. नळी बोटभर गेली आणि अडली.

"आता बघा," डॉक्टर म्हणाले. आणि थांबले.

"बघतेच आहे," काकू म्हणाली. "बोला."

"हिच्याबरोबर गोऱ्हा झाला होता का? जुळा?"

काकूला हसूच आलं. "छे हो. एकटी आहे ही. आमच्या खोलीतली गोष्ट आणि तुम्ही मला विचारताय?"

"नक्की एकटी?"

"डॉक्टर, मी काय आज आलेय का ह्या कामात?"

"होता," काका म्हणाला.

गाईच्या पलीकडून आवाज आला, त्यामुळे क्षणभर असं वाटलं की गाईच बोलली. दादा फिस्सकन हसला आणि तिथेच थांबला.

डॉक्टरांनी हातमोजा उलटा करत काढला. त्यांना ते सांगायलाच हवं होतं आणि त्या दिवशी त्यांनी न थांबता सांगितलं. पोटात नर आणि मादी जुळे असले की दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं, आणि मादीची गर्भाची पिशवी वाढतच नाही. दहात नऊ वेळा असंच. हिची वाढलेली नाही. नळी अडली तिथे पुढे काही नाहीच. ही कधी माजावर येणार नव्हती. "गोऱ्हा मेलेला जन्मला तरी फरक पडत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला हे माहीत असणारच, काकू."

"मला माहीत आहे," काकू म्हणाली. "त्यांनाही माहीत आहे."

डॉक्टर गेले. काकू कप्प्याच्या फळीवर हात ठेवून उभी होती. आता ती ओरडेल असं मला वाटलं. ती कामातलं काही विचारावं तसं विचारायला लागली.

"आधी कोण आला?"

"तोच. मागचे पाय पुढे होते. गेलेलाच होता."

"रंग?"

"काळा. कपाळावर पांढरं."

"मला का नाही सांगितलंत?"

काकाने वेसण सोडली, परत धरली. "चार गेल्या होत्या. तुला सलाईन लावलेलं. आल्या आल्या पाचवं मेलेलं कसं दाखवायचं? म्हटलं, जिवंत आहे तेवढं दाखवू. उद्या सांगू."

"मग दुसऱ्या दिवशी?"

"तू हसायला लागली होतीस."

मी काकाला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्याचा आवाज मला एरवी झकास काढता येतो, हा मात्र आला नसता.

"बरं. आणि मी पैज लावली तेव्हा? तुम्ही समोर बसला होतात. चहा पीत."

"दहात एखादी राहते गं गाभण. मला वाटलं..."

"मी कोण वाटले तुम्हाला?" काकू म्हणाली. आता आवाज चढला. "लहान पोर? एकतीस वर्षं ह्या हातांनी टेम्पोत चढवलीत मी. हिला पण दिली असती. दहा दिवसांची होती, पोट भरून दिली असती, कप्पा धुतला असता, झालं असतं. आता वीस महिन्यांची झालीय. आता हिला मी कशी देऊ, सांगा!"

मास्तरणीने काकूचा पदर चावायला घेतला. काकूने तो तिच्या तोंडातून हळूच सोडवून घेतला.

मग ती म्हणाली, "दाखवा कुठे पुरलाय."

काका पुढे, काकू मागे. शेणाच्या खड्ड्यापलीकडे कुंपणाजवळ एरंडाची झुडपं माजली होती. तिथे काकाने बोट दाखवलं. काकू बघत राहिली. "खोल घेतला होतात ना? कुत्री उकरतात," ती म्हणाली. काकाने मान हलवली. ती परत फिरली.

दादाने चार दिवस "प्रॅक्टिकली" हा शब्द काढला नाही. पाचव्या दिवशी तो स्वयंपाकघरात येऊन काकूसमोर खाली बसला. मीही तिथेच होते. "आई, पैज बाद. तुला माहीतच नव्हतं तर पैज कसली? खोली राहू दे तुझी. टाकीला बाहेर पत्र्याची शेड करू."

"नको."

"अगं, मी मनापासून सांगतोय."

"मी पण." काकू भांडी पुसत होती. "मी त्या खोलीत कशाच्या जोरावर होते रे? मला दिसतं म्हणून. कान धरला की कळतं म्हणून. वीस महिने हिच्यासमोर उभी राहिले. मान बैलासारखी, चढते बैलासारखी, ओरडते बैलासारखी, आणि मी आपली म्हणतेय, काय दांडगी आहे पोरगी. त्यांनी सांगितलं नाही हे त्यांचं. मला दिसलं नाही हे माझं. आता उद्या एखादीचा कान धरून मी काय सांगितलं, तर माझाच माझ्यावर विश्वास नाही. तू टाकी आण."

दादाने माझ्याकडे बघितलं, जणू मी काही तरी गंमत करून विषय फिरवेन. मी एक ताट उचलून पुसायला घेतलं.

व्यापारी आला तो मोठी गाडी घेऊन. एवढं जनावर टेम्पोत मावत नाही. वजनाचा काटा पाटासारखा जमिनीवर टाकतात, त्याच्यावर जनावर उभं करतात. मास्तरीण काट्यावर चढली आणि मान वर करून व्यापाऱ्याकडेच बघायला लागली.

"अहाहा, वहिनी! काय अंग भरलंय हो! दूध नाही दिलं तरी वाया नाही जाणार बघा कष्ट तुमचे."

काकूने मास्तरणीच्या पाठीवरचा पेंढा झटकला.

"फक्त पोट टम्म भरून आणलीत. तेवढं वजनातून कापावं लागेल."

"कापा," काकू म्हणाली, आणि दावं स्वतः सोडून त्याच्या हातात दिलं. ह्या वेळी तिने कप्पा धुतला नाही. आठ बादल्या खिळ्यांवरून काढून अंगणात एकात एक रचल्या आणि त्यातल्या दोन माझ्या आईला भिंतीवरून दिल्या. "झाडांना पाणी घालायला घ्या," म्हणाली. आईने घेतल्या. आई आत जाऊन रडली, काकू नाही.

महिन्याभरात टाकी आली. फळ्या उखडल्या, चुना खरवडला. टाकीची मोटर सतत घूं घूं करते, त्यामुळे आता भिंतीपलीकडचं तितकंसं ऐकू येत नाही.

परवा दुपारी पांढरी गाय व्यायली. काका मागच्या दाराने स्वयंपाकघराच्या खिडकीशी आला. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, रक्ताने आणि चिकाने माखलेले. काकू आत भाजी चिरत होती. मी तिच्यासमोर बसून शेंगा सोलत होते.

"सुटली. पाडी आहे. चांगली आहे," काका म्हणाला. "ये ना बघायला."

"तुम्ही बघितलंत ना?"

"हो."

"मग झालं."

काका गेला नाही. खिडकीच्या गजांतून बघत राहिला. "एकच आहे गं," तो म्हणाला. "नीट चाचपून बघितलंय. दुसरं नाही."

"मी विचारलं नाही," काकू म्हणाली.

तो तसाच उभा. तिकडून दादा ओरडत होता, बाबा, हिला चीक पाजायचाय, बाटली कुठेय, प्रॅक्टिकली अर्धा तास होऊन गेला. काकूने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सुरी खाली ठेवली. उठेल असं वाटलं मला. काकालाही वाटलं असावं, कारण तो दाराकडे वळला.

"बाटली दुसऱ्या फळीवर, डब्याच्या मागे," काकू म्हणाली. "चीक कोमट करा, उकळू नका. फाटतो." आणि तिने पुढचा कांदा घेतला.